पोरांच्या हाती शिट्टी देणारा सेनापती

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका नजरेत भरतो. हिवाळ्यातल्या सुटीच्या सकाळी पायथ्याशी एखाद्या शाळेचे स्काऊट पथक उतरत असेल, तर जरा थांबून पाहावे. मास्तर शिट्टी वाजवतात आणि चारच मुले पुढे धावतात. बाकीची पंचवीस-तीस आपापल्या जागी उभी राहतात. मास्तर त्या चौघांशी हळू आवाजात दोन मिनिटे बोलतात आणि बाजूला होतात. मग ते चौघे आपापल्या घोळक्याकडे परततात, पाण्याच्या बाटल्या मोजतात, कोणाच्या बुटाची नाडी सुटली आहे ते पाहतात, कोणी पुढे चालायचे आणि कोणी शेवटी ते ठरवतात. सहावीतला पोरगा नववीतल्या पोराचे ऐकतो आणि मास्तरांना घसा कोरडा करावा लागत नाही.

ते चौघे म्हणजे संघनायक. सहा ते आठ मुलांचा एक संघ आणि असे तीन-चार संघ मिळून पथक, ही स्काऊटची मूळ रचना आहे. प्रत्येक संघाला एखाद्या पक्ष्याचे किंवा प्राण्याचे नाव, स्वतःचे निशाण आणि स्वतःची आरोळी असते. संघनायक आणि मास्तर एकत्र बसतात ती मानसभा. पुढच्या महिन्यात सहल कुठे न्यायची, पथकाच्या डब्यात जमलेल्या पैशांचे काय करायचे, शिस्त मोडणाऱ्याला काय सांगायचे, हे मानसभेत ठरते. पैसेही मुलांनीच मिळवायचे असतात. खरी कमाईच्या दिवशी शाळेच्या मैदानात भेळ, सरबत आणि वडापावच्या गाड्या लागतात, त्या दिवशी घराघरांतल्या आयांना पहाटे उठून बटाटे उकडावे लागतात, हे वाचकांना सांगायला नको. मेळाव्यात बिनभांड्याचा स्वयंपाक असतो. पानात गुंडाळून, मातीत लिंपून, काठीला टोचून काय काय शिजवता येते त्याची ती परीक्षा. पोपटीच्या मुलखातल्या मुलांना हे शिकवावे लागत नाही. फक्त पोपटीला मडके लागते आणि इथे मडकेही चालत नाही, एवढाच फरक.

ही सगळी रीत एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या अनुभवातून आली. रॉबर्ट बेडन पॉवेल हे त्यांचे नाव. २२ फेब्रुवारी हा त्यांचा जन्मदिवस जगभर चिंतन दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळाशाळांतून त्यांच्या तसबिरीला हार पडतो, चार ओळींचे चरित्र वाचले जाते आणि मुले वर्गात जातात. त्या चार ओळींत मावत नाही असे बरेच काही या माणसाच्या आयुष्यात आहे. त्यातले काही आपल्याला न आवडणारेही आहे.

आपल्याकडे ज्या वर्षी उठाव झाला त्याच १८५७ साली लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक होते. पहिली रेल्वे इंजिने घडवणाऱ्या स्टीफन्सन पितापुत्रांपैकी रॉबर्ट स्टीफन्सन हे मुलाचे धर्मपिता, म्हणून नाव रॉबर्ट. मूल तीन वर्षांचे असताना वडील गेले आणि आई हेन्रिएटा यांनी मोठ्या धीराने सगळ्या मुलांना वाढवले. हा मुलगा अभ्यासात बेताचाच होता. चार्टरहाउस या शाळेत असताना त्याचा जीव वर्गापेक्षा शाळेलगतच्या झाडीत रमे. तिथे मुलांना जायची बंदी होती. हा जाई, ससा पकडी, सोली आणि मास्तरांना धूर दिसू नये इतक्या छोट्या विस्तवावर भाजून खाई. पुढे आयुष्यभर त्यांनी जे शिकवले त्याचे पहिले धडे असे चोरून गिरवलेले होते.

ऑक्सफर्डने प्रवेश नाकारला. लष्कराच्या परीक्षेत मात्र घोडदळासाठी त्यांचा दुसरा क्रमांक आला आणि १८७६ साली एकोणीस वर्षांचा हा तरुण १३व्या हुसार पलटणीत रुजू व्हायला लखनौला आला. चित्रे काढायची, तीही दोन्ही हातांनी, नाटकात कामे करायची, सोंगे वठवायची, अशी त्यांची ख्याती होती. रानडुकरांच्या शिकारीचा त्यांना विलक्षण नाद होता. १८८३ साली त्या खेळातला सर्वांत मानाचा कादिर चषक त्यांनी जिंकला.

इथे पनवेलकराला एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. कर्नाळ्याच्या वाटेवरच शिरढोण आहे. तिथे १८४५ साली वासुदेव बळवंत फडके जन्मले, त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. बेडन पॉवेल हिंदुस्थानात उतरले त्याच सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. त्या दुष्काळाने पेटून उठलेल्या फडक्यांनी रामोशी आणि इतर तरुणांना जमवून १८७९ साली बंड केले. डोंगरवाटा ओळखणे, रात्रीचे चालणे, चार माणसांत खबर पोचवणे, हे सगळे त्यांच्याही माणसांना येत होते. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी फडके एडनच्या तुरुंगात वारले. त्याच साली तिकडे मीरतच्या बाजूला कादिर चषकासाठी घोडे दौडत होते. रानात वावरण्याची विद्या एकच. एकाला तिच्यासाठी चषक मिळाला आणि दुसऱ्याला काळे पाणी. पुढे स्काऊटची चळवळ हिंदुस्थानात आली तेव्हा सरकारला जी धास्ती वाटली, तिचे मूळ इथे आहे.

मधली वर्षे आफ्रिकेत आणि भूमध्य समुद्राच्या काठी गेली. माल्टाला असताना ते हेरगिरीही करत. फुलपाखरे गोळा करणारा वेडा साहेब बनून हिंडायचे आणि किल्ल्याचा नकाशा फुलपाखराच्या पंखांवरच्या नक्षीत दडवायचा, अशी युक्ती त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली. किती खरी आणि किती रंगवलेली कोण जाणे, ते गोष्टी छान रंगवीत. १८९६ च्या माताबेले मोहिमेतली गोष्ट मात्र रंगवण्यासारखी नव्हती. उविनी नावाचा जखमी टोळीप्रमुख हाती आला असता बेडन पॉवेल यांनी तिथल्या तिथे लष्करी न्यायसभा भरवली आणि त्याला गोळ्या घातल्या. कैद्याला मुलकी अधिकाऱ्यांच्या हवाली करायला हवे होते. चौकशी झाली आणि ते निर्दोष ठरले. साम्राज्याच्या चौकशा बहुधा अशाच संपत. बालवीरांच्या पुस्तकात हे प्रकरण कधी आले नाही.

त्यांचे नाव घरोघरी पोचले ते मॅफेकिंगमुळे. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले आणि ऑक्टोबर १८९९ मध्ये मॅफेकिंग या लहानशा गावाला बोअर फौजांनी वेढा घातला. आत हजार-बाराशे लढवय्ये, बाहेर त्यांच्या कित्येक पट. बेडन पॉवेल यांनी सगळी सोंगे इथे वापरली. नुसत्या वाळूच्या पेट्या पुरून सुरुंग पेरल्याचा देखावा केला. शिपायांना नसलेल्या काटेरी तारांवरून पाय उचलून चालायला लावले, म्हणजे दुर्बिणीतून पाहणाऱ्या शत्रूला तारा आहेत असे वाटावे. वेढा २१७ दिवस चालला. मे १९०० मध्ये तो उठला तेव्हा लंडनच्या रस्त्यांवर लोक रात्रभर नाचले आणि त्रेचाळीस वर्षांचा हा अधिकारी मेजर जनरल झाला.

या वेढ्यात दोन गोष्टी घडल्या. पहिली सगळ्यांना ठाऊक असते. प्रत्येक हात मोर्चावर हवा होता, म्हणून गावातल्या पोरांची एक तुकडी करून तिच्याकडे निरोप, टपाल आणि टेहळणीची कामे सोपवली गेली. तुकडी उभी केली ती लॉर्ड एडवर्ड सेसिल या दुसऱ्या अधिकाऱ्याने. तिचा नायक होता गुडइयर नावाचा तेराएक वर्षांचा मुलगा. पोरे आधी गाढवांवरून आणि चाऱ्याअभावी गाढवे गेल्यावर सायकलींवरून तोफगोळ्यांच्या माऱ्यात निरोप पोचवीत. एरवी ज्यांना घरात चहाचा कप आणायलाही सांगत नसत, ती पोरे मोठ्या माणसासारखी वागू लागली. याचे कारण एकच, कोणीतरी त्यांच्यावर खरे काम सोपवले होते. बेडन पॉवेल यांनी हे पाहिले आणि विसरले नाहीत.

दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या गावात गोऱ्यांच्या अनेक पट काळी माणसे होती. बरोलाँग जमातीच्या लोकांनी आपल्या बाजूने गाव लढवले. धान्य कमी पडू लागले तेव्हा काळ्यांचा वाटा आधी तोडला गेला, अनेकांना गावाबाहेर जायला भाग पाडले गेले, अनेक उपासमारीने मेले. कोर्टात दुभाष्याचे काम करणारे सोल प्लाटजे तेव्हा तिथेच होते आणि दैनंदिनी लिहीत होते. ती १९७३ साली प्रसिद्ध झाली आणि त्या वेढ्याकडे काळ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहता येऊ लागले. या उपासमारीचा दोष बेडन पॉवेल यांच्याकडे किती जातो यावर इतिहासकारांत वाद आहे. पण तो वाद आहे हे त्यांच्या चरित्रात सांगायलाच हवे.

इंग्लंडला परतल्यावर त्यांना एक गंमत आढळली. सैनिकांसाठी लिहिलेले त्यांचे टेहळणीचे छोटे पुस्तक शाळेतले शिक्षक वापरत होते आणि पोरे त्यातले खेळ खेळत होती. मग १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर एक प्रयोग केला. सुमारे वीस मुले नेली. निम्मी बड्या घरची, महागड्या शाळांत शिकणारी. निम्मी कामकरी वस्तीतली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही दोन प्रकारची मुले एका तंबूत झोपणे हीच नवलाची गोष्ट होती. त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघावर एक मुलगाच नेमला. पहाटे आफ्रिकेतून आणलेले कुडू हरणाचे शिंग फुंकून मुलांना उठवत. दिवसभर माग काढणे, गाठी बांधणे, प्रथमोपचार, पोहणे आणि रात्री शेकोटीपाशी गोष्टी. त्यात सर्वांत महत्त्वाचे होते ते संघांचे स्वतःचे जगणे. आठवड्याभरात मुले पार बदलली.

१९०८ च्या जानेवारीपासून पंधरवड्याला एक असे सहा भाग, किंमत चार पेनी, या स्वरूपात त्यांचे स्काऊटिंग फॉर बॉईज बाहेर पडले. पुढचे काम पोरांनीच केले. हातात पुस्तक पडले, सहा-सात मित्र जमले, काठी आणि टोपी मिळवली आणि संघ सुरू झाला. मास्तर नंतर शोधला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर १९०९ साली मेळावा भरला तेव्हा गणवेश घातलेल्या काही मुलीही न बोलावता येऊन उभ्या राहिल्या. त्यांना परत पाठवणे जमेना, म्हणून १९१० साली बहीण अ‍ॅग्नेस यांच्याकडे मुलींचे काम आले आणि गाईड सुरू झाल्या. आपल्याकडे जुन्या मंडळींनी मुलांना बालवीर आणि मुलींना वीरबाला म्हटले. लहानग्यांसाठी १९१६ साली कब आले ते किपलिंगच्या जंगल बुकमधून. मुंबईत जन्मलेल्या लेखकाने रंगवलेल्या सिवनीच्या जंगलातला लांडग्यांचा म्होरक्या अकेला असा इंग्लंडच्या पोरांचा मास्तर झाला. १९१२ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी तेवीस वर्षांच्या ओलाव्ह यांच्याशी लग्न केले. दोघांचा वाढदिवस एकच, २२ फेब्रुवारी. १९२० साली लंडनला जगभरची मुले जमली आणि त्यांनी बेडन पॉवेल यांना आपला जागतिक प्रमुख ठरवले.

हिंदुस्थानात १९०९ साली बंगलोरला कॅप्टन बेकर यांनी पहिले पथक काढले. पुढच्या दोन वर्षांत खडकी, जबलपूर, सिमला, मद्रास आणि लोणावळा इथे पथके झाली. लोणावळा म्हणजे पनवेलहून खंडाळ्याचा घाट चढला की आलेच. पण त्या पथकात पनवेलचा मुलगा जाऊ शकत नव्हता. ती सगळी पथके युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांची होती. नेटिव्ह पोरांना माग काढायला, खुणांनी बोलायला आणि संघटित व्हायला शिकवले, तर ती उद्या बंडखोर होतील, ही सरकारची भीती होती. शिरढोणची आठवण सरकारलाही असावी.

आपल्या लोकांनी मग वाट पाहिली नाही. उत्तरेत श्रीराम बाजपेयी यांनी मुलांची पथके काढली आणि पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांच्या साथीने त्यातून सेवा समितीची स्काऊट संस्था उभी राहिली. मद्रासेत अ‍ॅनी बेझंट आणि अरुंडेल यांनी हिंदी मुलांसाठी संस्था काढली. तिथल्या मुलांच्या डोक्यावर साहेबी टोपीऐवजी फेटा होता आणि शेकोटीला आपली गाणी होती. शिक्षण तेच, संघ तोच, शिट्टी तीच. एवढे झाल्यावर १९२१ साली बेडन पॉवेल पतीपत्नी इथे आली आणि हिंदी मुलांसाठी मुख्य संस्थेचे दार उघडले. बेझंटबाईंची संस्था आत गेली, सेवा समिती मात्र बाहेरच राहिली. अडचण वचनाची होती. स्काऊटला देव आणि राजा यांच्याशी निष्ठेचे वचन घ्यावे लागे. असहकाराच्या त्या दिवसांत ज्या घरात परदेशी कपड्यांची होळी झाली होती, त्या घरातला मुलगा राजाचे वचन कसे घेणार? डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी १९२३ साली हिंदुस्थानी सेवा दल काढले आणि पुढे १९४१ च्या जूनमध्ये पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नवी उभारणी झाली. संचलन, खेळ आणि शिबिर हवे पण राजा नको, असे वाटणाऱ्या घरांना अशा संघटना जवळच्या वाटल्या.

१९३७ साली दिल्लीत पहिला अखिल भारतीय मेळावा भरला. बेडन पॉवेल ऐंशीच्या उंबरठ्यावर होते, तरीही आले. पुढे हिंदी माणसाच्या चारित्र्याविषयी त्यांनी हिणकस लिहिले आणि देशभर संताप उसळला. अनेक कार्यकर्त्यांनी संस्था सोडली आणि १९३८ साली सेवा समितीसह हिंदुस्थान स्काऊट संघटना उभी राहिली. सगळ्या स्काऊटांना बंधू मानावे, असा नियम ज्याने लिहिला त्यानेच असे लिहावे, याचे दुःख आयुष्य या कामात घालवलेल्या आपल्या मास्तरांना किती झाले असेल, याची कल्पनाच करावी. तेरा वर्षांच्या गोऱ्या पोरावर विश्वास टाकणारा हा माणूस एका देशावर तो टाकू शकला नाही. त्यांची पद्धत त्यांच्यापेक्षा मोठी होती, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

अखेरची वर्षे त्यांनी केनियात न्येरी इथे काढली आणि ८ जानेवारी १९४१ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. माग काढण्याच्या खेळात वर्तुळ आणि त्याच्या मध्यावर टिंब अशी एक खूण असते. मी घरी गेलो, असा तिचा अर्थ. त्यांच्या थडग्याच्या दगडावर तीच खूण कोरलेली आहे.

स्वातंत्र्य आले तेव्हा देशात स्काऊटच्या दोन मोठ्या संस्था होत्या आणि त्यांची तोंडे दोन दिशांना होती. मौलाना आझाद, कुंझरू, मध्य प्रांताचे राज्यपाल मंगलदास पक्वासा अशांनी खटपट केली आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी त्या एक होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली. पुढच्या वर्षी गाईडही आल्या. वचनातून राजा गेला आणि देश आला. संघ, संघनायक आणि मानसभा राहिली. आता प्रवेशापासून प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान असे चढत मुले राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जातात. त्यात एक गोम आहे. पुरस्काराची वही भरायची घाई झाली की मास्तर स्वतःच सगळे करू लागतात, गाठी तक्त्यावर चिकटवल्या जातात, संघनायकाचे काम सव्वीस जानेवारीच्या संचलनात पुढे चालण्याएवढेच उरते. अशा शाळेत गणवेश असतो, पथक नसते. ज्या शाळेत मास्तर बाजूला उभे राहायला शिकलेले असतात, तिथली पोरे गडावरून उतरल्यावर आधी आपल्या संघाची माणसे मोजतात आणि मग पाणी पितात.

पुण्यात आळंदी रस्त्यावर संगम आहे. जगभरच्या गाईडची मोजकी जागतिक केंद्रे आहेत, त्यांतले हे आशियातले. ऑक्टोबर १९६६ मध्ये त्याचे उद्घाटन करायला ओलाव्ह बेडन पॉवेल आल्या, तेव्हा त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहतात आणि पुण्यातल्या संस्थांमध्ये काम करायला जातात. ज्या देशातल्या मुलांना पहिली बारा वर्षे पथकाच्या दाराबाहेर उभे केले होते, त्या देशातल्या मुली तिथे त्यांचे स्वागत करतात.